वाचनालयाची नियमावली कशी करायची? नावडे परिसरातल्या गावांसाठी माहिती

नावडे (ता. पनवेल) : गावात वाचनालय काढणं अवघड नाही. एक खोली, दोन कपाटं, चार वर्तमानपत्रं आणि उद्घाटनाचा नारळ, झालं काम. अडचण पुढे येते. किल्ली कुणाकडे राहणार, पुस्तक हरवलं तर पैसे किती घ्यायचे, भाडेकरूला सभासद करायचं की नाही, यावरून कुरबूर सुरू होते आणि वर्ष-दोन वर्षांत दाराला कुलूप लागतं. यातल्या बऱ्याचशा भांडणांवर लेखी नियमावली हा उपाय आहे.

आधी कायद्याचं थोडं. आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ लागू आहे. कारभार ग्रंथालय संचालनालयाकडे आणि जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे. रायगडचं हे कार्यालय अलिबागला आहे. मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३० हजार होते ते ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचं मानधन, वीजबिल, पेपर आणि नवी पुस्तकं. वर्गणी आणि देणगीशिवाय भागत नाही हे उघड आहे.

मे २०१२ मध्ये सरकारने महसूल खात्याची माणसं पाठवून राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी केली. काही वाचनालयं फक्त कागदावर निघाली. त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणं बरीच वर्षं थांबलं. खोट्यांच्या नादात खऱ्यांचंही नुकसान झालं. म्हणून नवीन वाचनालय काढणाऱ्यांनी मान्यता सध्या सुरू आहे का, हे अलिबागला आधी विचारावं. नुसत्या अनुदानाच्या आशेवर सुरुवात करू नये.

घटना वेगळी, नियमावली वेगळी

संस्थेची नोंदणी करताना जी घटना देतो, त्यात उद्देश, कार्यकारी मंडळ, निवडणूक एवढंच ठेवावं. घटना बदलायची तर विशेष सभा घ्यावी लागते, धर्मादाय कार्यालयाच्या चकरा होतात. वर्गणी, वेळ, दंड या रोजच्या गोष्टी नियमावलीत घालाव्यात. त्या सर्वसाधारण सभेत ठराव करून बदलता येतात. मात्र विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. हे बहुतेक जण विसरतात. मग पाच-दहा वर्षांनी जुन्या कमिटीचीच नावं कागदावर सापडतात आणि नवे-जुने समोरासमोर उभे राहतात.

सभासद कुणाला करायचं, हा आपल्याकडचा सगळ्यात नाजूक प्रश्न. एका बाजूला जुनं गाव, दुसऱ्या बाजूला सिडकोची वसाहत, पलीकडे तळोजा एमआयडीसी. चाळीत आणि इमारतींत राहणारे कितीतरी कामगार भाडेकरू. गावचं रेशनकार्ड मागितलं तर ते बाहेरच राहणार. सरकारी अनुदान घेणारं वाचनालय सगळ्यांचं असतं, गावकीचं नसतं. भाडेकरूकडून आधार कार्डाची प्रत आणि थोडी जास्त अनामत घ्यावी, सोडून जाताना पुस्तक जमा करून अनामत परत द्यावी. बसून पेपर वाचायला तर सभासदत्वाची अट नकोच. वेळसुद्धा शिफ्ट बघून ठरवावी. दुपारी बारा ते तीन उघडं ठेवलं तर कामगार येणार नाही आणि शाळेतली पोरंही येणार नाहीत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिका हवी असते; त्यांची जागा आणि पेपरवाल्यांची जागा वेगळी ठेवा, नाहीतर गप्पांवरून रोज तंटा.

पुस्तक हरवलं तर तेच पुस्तक आणून द्यायचं किंवा आजची किंमत भरायची, असं स्पष्ट लिहावं. १९८५ च्या पुस्तकावर छापलेले बारा रुपये घेऊन काय होणार? थोडी पुस्तकं हरवणारच. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांतही, दिलेल्या आणि वाचलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच गहाळ होणं वाजवी धरलं आहे, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी सगळी मोजायची, असंही त्यात आहे. तो नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी असला तरी आपण उचलायला हरकत नाही. नाहीतर ग्रंथपाल भीतीने पुस्तक बाहेरच देत नाही आणि कपाटाची काच पुसत बसतो.

भेट आलेल्या पुस्तकांचाही नियम हवा. दिवाळीच्या साफसफाईत लोक जुन्या गाईड आणून टाकतात, निवडणुकीच्या आधी पुढाऱ्यांची चरित्रं गठ्ठ्याने येतात. ठेवायचं की नाही हे ग्रंथ निवड समिती ठरवेल, असं एक वाक्य पुरे. त्या समितीत एखादी शिक्षिका आणि एखादा नियमित वाचणारा तरुण असावा. एखाद्या पुस्तकावर कुणाचा आक्षेप आला तर अर्ज लेखी घ्यावा आणि समितीचा निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवरच ठेवावं. आरडाओरडा करणाऱ्याच्या हातात ते देऊन मोकळं होऊ नये.

जागेचा कागद बघितला का? १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली आणि या भागातल्या ग्रामपंचायती गेल्या. ग्रामपंचायतीच्या खोलीत तोंडी परवानगीवर चालणाऱ्या वाचनालयाने महापालिकेकडून लेखी परवानगी किंवा भाडेकरार करून घ्यावा. सातबाऱ्याच्या बाबतीत आपण किती जागरूक असतो, इथे मात्र "सरपंच बोलले होते" यावर चालतं.

दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासद नोंदवही, रोजकीर्द आणि सभेचं इतिवृत्त, एवढ्या वह्या रोजच्या रोज भरलेल्या हव्यात. तपासणीला साहेब आला की आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेली वही लगेच ओळखू येते.

नियमावली सर्वसाधारण सभेत वाचून मंजूर करावी, ठराव क्रमांक आणि तारीख घालावी. एक प्रत दारावर मोठ्या अक्षरात लावावी, फोटो गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकावा. दर दोन वर्षांनी वर्गणी आणि दंडाचे आकडे पुन्हा सभेपुढे ठेवावेत.