रुई की कचरा?

मी चौथी-पाचवीत असताना शुद्धलेखन बदलले. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार शब्दांच्या डोक्यावरून उतरले. 'नांव'चे 'नाव' झाले, 'पांच'चे 'पाच' झाले. गुरुजींनी एक जुना उतारा दिला आणि सांगितले, "यातले अनुस्वार काढून आणा." माझ्या शेजारच्या मुलाने सगळे काढले. 'आंबा पिकला'चे 'आबा पिकला' झाले! वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "चूक त्याची नाही, माझी आहे. कोणता काढायचा आणि कोणता ठेवायचा, हे मी सांगितलेच नाही."

साठ वर्षांनी हे आठवायला कारण झाला माझा पुतण्या. तो पुण्याला प्रोग्रॅम लिहितो. दिवाळीला कारंज्याला आला तेव्हा संगणक सोबतच होता. सध्या तो खेडा खरेदीच्या कापसाचा हिशोब ठेवणारा प्रोग्रॅम करतो आहे. काट्यावर गाठोडे ठेवले की वजन थेट संगणकात जाते आणि पावती निघते. आम्ही जेवायला बसलो तेव्हा त्याच्या पडद्यावर ४१२ इशारे होते. हात धुऊन परत येतो तर शून्य. "काकाजी, एआय एजंटला कामाला लावलं होतं," तो म्हणाला. एजंट म्हटले की कापसाच्या मुलखातल्या माणसाला अडत्या आठवतो. म्हणून मी विचारले, "याने नेमके काय केले?"

तेव्हा जे समजले आणि नंतर जे वाचले, ते इथे लिहून ठेवतो.

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला समजेल अशा रूपात आणतो तो कंपायलर. शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर तो वह्या तपासतो. चूक असेल तर तांबडी रेघ मारतो आणि वही परत करतो. पण काही ठिकाणी वाक्य नियमात बसते, फक्त अर्थाची शंका येते. तिथे तो समासात प्रश्नचिन्ह काढतो आणि वही पुढे जाऊ देतो. हे प्रश्नचिन्ह म्हणजे वॉर्निंग, इशारा. इशाऱ्याने काम अडत नाही. म्हणूनच ते साचत जातात.

सी ही भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झाली. तिचा कंपायलर फार विचारपूस करणारा नव्हता. म्हणून तिथल्याच स्टीफन जॉन्सन यांनी शंका काढणारा एक वेगळा प्रोग्रॅम लिहिला आणि १९७८ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे नाव 'लिंट'. कपड्याला चिकटलेले बारीक तंतू आपण झटकतो, ते लिंट. गंमत अशी, की आमच्याकडच्या जिनिंगमध्ये लिंट म्हणजे रुई! सरकी काढल्यावर जी उरते आणि जिच्या गाठी बांधल्या जातात, ती. त्यांच्याकडे जे झटकायचे, त्यालाच आमच्याकडे भाव. इशाऱ्यांचा सगळा इतिहास मला या एका शब्दात दिसतो. समोर आलेला तंतू कचरा आहे की रुई, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

न पाहिल्यास काय होते, याचा मोठा दाखला २००६ सालचा आहे. डेबियन नावाची, जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात अशी एक संगणक प्रणाली आहे. तिच्यात ओपनएसएसएल हा गुप्त किल्ल्या बनवणारा भाग असतो. कोणालाही अंदाज येऊ नये म्हणून तो जमेल तिथून वेडेवाकडे आकडे गोळा करून घुसळतो. तपासणीच्या एका साधनाने तक्रार केली, की इथे आधी किंमत न भरलेली जागा वाचली जाते आहे. तक्रार खरी होती. ती जावी म्हणून एका स्वयंसेवकाने दोन ओळी काढल्या. त्याने आधी विचारलेही होते, पण कोणी थांबवले नाही. त्यातली एक ओळ सगळे घुसळण करणारी निघाली! तक्रार गेली आणि घुसळणही गेले. प्रोग्रॅमला यंत्राने दिलेला एक चालू क्रमांक तेवढा उरला. ठरावीक प्रकारच्या यंत्रावर, ठरावीक लांबीची किल्ली जेमतेम ३२,७६८ प्रकारांपैकी एक असू लागली. इतक्या किल्ल्या संगणक बघता बघता लावून पाहतो. हे लुसियानो बेल्लो यांनी शोधले आणि मे २००८ मध्ये जाहीर झाले. तोवर जवळपास दोन वर्षे जगभर ही कमजोर कुलुपे लागलेली होती, आणि पडद्यावर एकही तक्रार नव्हती.

उलट बाजूही खरी आहे. शंका काढणारी साधने खोट्या शंकाही पुष्कळ काढतात आणि माणूस कंटाळतो. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्रात, म्हणजे टीआरडीडीसीमध्ये, प्रोग्रॅम न चालवता तपासण्यावर बरेच काम झाले आहे. तिथले तुकाराम मुस्के आणि नेदरलँड्समधले अलेक्झांडर सेरेब्रेनिक यांनी २०१६ साली अशा इशाऱ्यांचे काय करावे, याच्या उपायांचा आढावा प्रसिद्ध केला. सारख्या शंकांचे गट पाडणे, महत्त्वाच्या आधी दाखवणे, असे ते उपाय आहेत. डोंगर उपसण्याचा त्रास खरा आहे, म्हणूनच एजंट हवासा वाटतो. माझ्या पुतण्याला मी दोष देणार नाही. ४१२ वह्या तपासायच्या असत्या तर मीही मदतनीस घेतला असता.

हा मदतनीस फाइल स्वतः उघडतो, बदलतो, कंपायलर पुन्हा चालवतो आणि इशारे संपेपर्यंत फेरे मारतो. इशारा घालवण्याच्या मात्र तीन वाटा आहेत. मूळ कारण दुरुस्त करावे, "मला माहीत आहे, तसेच होऊ दे" असे लिहून द्यावे, किंवा तपासणीच बंद करावी. तिन्ही वाटा शून्यावरच पोहोचतात. आणि त्याला सांगितलेले होते फक्त शून्य.

मी म्हटले, बदल दाखव. संध्याकाळभर आम्ही एकेक पाहिला. बहुतेक चांगले होते; न वापरलेली नावे काढलेली, विसरलेले कंस घातलेले. मग एक जागा आली. काट्यावरून दशांशातले वजन येत होते आणि पूर्णांकाच्या घरात ठेवले जात होते. कंपायलर विचारत होता, इथे काही गळते आहे, चालेल का? एजंटने त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकले होते, चालेल. ३८.७ किलोचे ३८ झाले. चाचणीसाठी घेतलेली वजने सगळी पूर्णांकात होती, त्यामुळे चाचणीही पास!

हिशोब मी कागदावर केला. वीस गाठोडी, प्रत्येकी सरासरी अर्धा किलो, म्हणजे दहा किलो. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या ८,११० रुपये हमीभावाने ८११ रुपये. एका शेतकऱ्याचे, एका दिवसाचे. आमच्या भागात वजनातून कडता कापण्यावरून किती भांडणे झाली, ती मी लहानपणापासून पाहिली आहेत. निदान तिथे कापणारा माणूस समोर असे. इथे कोणी कापलाच नसता आणि तरी कापला गेला असता. ती चूक मूळ प्रोग्रॅममध्ये आधीपासून होती, हे मान्य. पण तिच्याकडे बोट दाखवणारा एकच जण होता, आणि त्यालाच गप्प केले होते.

प्रोग्रॅम अजून बाहेर गेलेला नव्हता, हे नशीब. पुतण्याने ते घर दशांशाचे केले, चाचणीत ३८.७ घातले आणि एजंटला नवा हुकूम लिहिला: प्रत्येक इशाऱ्याचे कारण सांग, कारण दुरुस्त कर, आणि जिथे नुसते गप्प करावे लागेल तिथे हात लावू नकोस, वेगळी यादी दे. यादीत एकोणीस निघाले. ते त्याने स्वतः पाहिले.

यंत्र आज्ञाधारक आहे, माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या मुलाइतकेच. काय ठेवायचे, ते सांगण्याचे काम अजून गुरुजींकडेच आहे.