डायल्यूशन रेफ्रिजरेटर

हीलियमच्या दोन समस्थानिकांचे मिश्रण वापरून निरपेक्ष शून्याच्या जवळचे, म्हणजे काही मिलिकेल्विन इतके तापमान अखंड टिकवणारे यंत्र. क्वांटम संगणकाच्या छायाचित्रांत एकाखाली एक टांगलेल्या सोनेरी तबकड्या दिसतात, तो बहुतांशी याच यंत्राचा सांगाडा असतो. खरी चिप सर्वांत खालच्या तबकडीला जोडलेल्या छोट्या डबीत असते. अतिसंवाहक क्यूबिटांचा (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक) संगणक किती वाढवता येईल, हे आज चिपइतकेच या यंत्रावरही अवलंबून आहे.

एवढी थंडी लागते ती क्यूबिटच्या ऊर्जेमुळे. असा क्यूबिट साधारण 5 गिगाहर्ट्‌झ वारंवारतेवर चालतो. त्याच्या दोन पातळ्यांमधील ऊर्जेचा फरक 0.24 केल्विनच्या औष्णिक ऊर्जेइतका भरतो. त्यामुळे 4.2 केल्विनला उकळणारा द्रव हीलियमही त्याच्या दृष्टीने फार गरम. तिथे उष्णतेच्या धक्क्यांनीच क्यूबिटची अवस्था बिघडत राहते. 10 ते 20 मिलिकेल्विनला हे धक्के जवळजवळ थांबतात.

हाइके कामरलिंग ओनेस यांनी 10 जुलै 1908 रोजी लायडन येथे हीलियम द्रवरूप केला. द्रवावरची वाफ पंपाने उपसली की तो आणखी थंड होतो, पण हीलियम-3 हा हलका समस्थानिक वापरूनही ही युक्ती सुमारे 0.3 केल्विनपाशी थकते, कारण उपसायला वाफच उरत नाही. यातून वाट काढणारी कल्पना हाइन्झ लंडन यांनी 1951 मध्ये मांडली आणि 1962 मध्ये क्लार्क व मेंडोझा यांच्यासह तिचा सविस्तर आराखडा दिला. दास, डी ब्राउन औबोटर आणि टाकोनिस यांनी लायडनमध्येच पहिले यंत्र चालवून 0.22 केल्विन गाठले. 1966 मध्ये मँचेस्टरला हेन्री हॉल आणि दुब्ना येथे निगानोव्ह यांचे गट 0.1 केल्विनच्याही खाली उतरले.

यंत्राचे मर्म एका विलक्षण गुणधर्मात आहे. 0.87 केल्विनच्या खाली हीलियम-3 आणि हीलियम-4 यांच्या मिश्रणाचे दोन थर होतात. वरचा, हलका थर जवळजवळ शुद्ध हीलियम-3चा असतो. खालच्या थरात मात्र तापमान शून्याकडे गेले तरी सुमारे 6.6 टक्के हीलियम-3 विरघळलेला राहतो. वरच्या थरातले अणू सीमा ओलांडून खाली उतरताना भोवतालची उष्णता शोषतात. माठाबाहेर झिरपलेले पाणी वाफ होताना आतले पाणी गार करते, तसेच काहीसे इथे घडते; फक्त इथे वाफेची जागा खालच्या थराने घेतलेली असते. हे घडते त्या भागाला मिक्सिंग चेंबर म्हणतात. विरघळलेला हीलियम-3 सुमारे 0.7 केल्विनच्या ‘स्टिल’ नावाच्या पात्रातून पंपाने उपसून पुन्हा आत सोडतात, त्यामुळे चक्र महिनोन्‌महिने चालू शकते.

परतणारा हीलियम-3 वाटेत थंड करणे हे सर्वांत नाजूक काम. मिलिकेल्विनला द्रव आणि धातू यांच्या सीमेवर उष्णता अडून बसते. म्हणून उष्णता-विनिमयकात चांदीची अतिसूक्ष्म भुकटी दाबून-तापवून बसवतात आणि स्पर्शाचे क्षेत्रफळ प्रचंड वाढवतात. तांब्याच्या तबकड्यांवरील सोन्याचा मुलामा गंज रोखतो, त्यामुळे सांध्यांतून उष्णता नीट वाहते. चक्रात किंचित हवा शिरली तरी ती गोठून केसासारख्या बारीक नळ्या तुंबवते, म्हणून वायू आधी द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या सापळ्यातून गाळून घेतात.

शीतनक्षमता मात्र तुटपुंजी असते. सुमारे 10 किलोवॉट वीज घेणारा कॉम्प्रेसर पल्स-ट्यूब नावाच्या शीतकाच्या मदतीने 4 केल्विनला जेमतेम दीड वॉट उष्णता काढतो. 20 मिलिकेल्विनला हाती उरतात काही मायक्रोवॉट. प्रत्येक क्यूबिटसाठी वरून तारा येतात आणि प्रत्येक तार थोडी उष्णता खाली आणते. आयबीएमने 2023 मध्ये जाहीर केलेल्या 1,121 क्यूबिटांच्या ‘कॉन्डॉर’साठी एकाच प्रशीतकात दीड किलोमीटरहून अधिक तारा बसवाव्या लागल्या.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या क्षेत्रातील जुनी परंपरा आहे. 2016 मध्ये तिथल्या संशोधकांनी बिस्मथचा स्फटिक 0.53 मिलिकेल्विनखाली अतिसंवाहक होतो, हे दाखवले. एवढे खोल जाण्यासाठी अणुकेंद्रकांच्या निश्चुंबकनाची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र हळूहळू घटवून गार करण्याची, पुढची पायरी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये या संस्थेने, डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेने आणि टीसीएसने मिळून सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली.

मोठी अडचण हीलियम-3ची आहे. पृथ्वीवर तो अत्यल्प आढळतो. तो मुख्यतः अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या, 12.3 वर्षांच्या अर्धायुष्याच्या ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो. 2001 नंतर न्यूट्रॉन-शोधकांसाठी त्याची मागणी वाढली आणि 2008-09 च्या सुमारास प्रयोगशाळांना तीव्र टंचाई सोसावी लागली.

यावर दोन दिशांनी काम चालू आहे. एक, चुंबकीय क्षारांच्या निश्चुंबकनाने थंडी मिळवणे. याच पद्धतीने जिओक यांनी 1933 मध्ये 0.25 केल्विन गाठले होते. दुसरी, उष्णता सोसणारे क्यूबिट घडवणे. 2020 मध्ये सिडनी आणि डेल्फ्ट येथील गटांनी सिलिकॉनमधील स्पिन-क्यूबिट 1 केल्विनच्या वर चालवून दाखवले. 1.5 केल्विनच्या आसपास हीलियम-3 न वापरताही पोहोचता येते. तिथे शीतनक्षमता हजारो पटींनी जास्त असल्याने नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक्स क्यूबिटांच्या शेजारीच बसवण्याचा विचार करता येतो.