स्टार्टिंग फ्लुइड
स्टार्टिंग फ्लुइड हा थंड इंजिन सुरू करण्यासाठी हवेच्या नळीत फवारला जाणारा अतिज्वालाग्राही द्रव आहे. त्याचा मुख्य घटक डायएथिल ईथर होय. ईथरचा उत्कलनांक ३४.६ अंश सेल्सियस आहे. यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात सावलीतील तापमानही त्याहून वर जाते. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते.

डिझेल इंजिनात इंधन दाबाने तापलेल्या हवेत आपोआप पेटते. डिझेलला त्यासाठी सुमारे २१० अंश तापमान लागते, ईथरला १८० अंशांहून कमी. त्यामुळे पिस्टन वर चढत असतानाच ईथर पेटते आणि पिस्टन, रिंगा किंवा कनेक्टिंग रॉड मोडू शकतो. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात हा धोका अधिक असतो. शिवाय यवतमाळसारख्या उष्ण जिल्ह्यात ट्रॅक्टर सुरू न होण्याचे कारण थंडी क्वचितच असते. बहुधा बॅटरी उतरलेली, फिल्टर चोंदलेले किंवा डिझेलच्या नळीत हवा शिरलेली असते, आणि यांपैकी काहीही ईथरने दुरुस्त होत नाही.

टायरची कड रिमवर बसवण्यासाठी आत ईथर फवारून पेटवण्याची रीतही घातक आहे. या स्फोटाचा दाब आवरता येत नाही. टायर फुटून किंवा रिम उडून जवळच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. न जळलेली वाफ आत उरल्यास पुढे त्याच चाकाला वेल्डिंग करताना पुन्हा स्फोट होऊ शकतो.