शाकाहारी पानातील दुधाचा प्रश्न

शाकाहारी भोजनगृहात पाऊल टाकले की पानात काय पडते याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाचा दाखला मात्र निराळा आहे.

१८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. मद्य, मांस व परस्त्री यांना स्पर्श न करण्याचे वचन त्यांनी मातोश्री पुतळीबाईंना दिले होते. कित्येक दिवस अर्धपोटी काढल्यावर फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. तेथेच त्यांनी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक विकत घेतले आणि विलायतेस आल्यापासून प्रथमच पोटभर जेवण केले.

परंतु मांस म्हणजे काय, याच्या तीन व्याख्या तेथील शाकाहारी मंडळींत प्रचलित होत्या. पहिलीप्रमाणे केवळ पशुपक्ष्यांचे मांस वर्ज्य. दुसरीप्रमाणे मासळीसह सर्व प्राण्यांचे. तिसरीप्रमाणे अंडी आणि दूधही. वचन घेणाऱ्या मातेला जो अर्थ अभिप्रेत होता तोच आपणांवर बंधनकारक, असा निर्णय गांधीजींनी केला. आणि मातेच्या लेखी अंडे मांसातच जमा होते. मग शाकाहारी उपाहारगृहातही प्रत्येक पदार्थाविषयी खोदून विचारणे आले, कारण पुष्कळ पुडिंगांत व केकांत अंडी असत. ही चौकशी संकोचाची वाटे, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

पुढे १९१२ साली टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी हर्मन कॅलनबाख यांच्यासह दूधही वर्ज्य केले. १९१८ च्या गंभीर दुखण्यात मात्र डॉक्टरांचा सल्ला व कस्तुरबांची सूचना मानून शेळीचे दूध घेणे त्यांनी पत्करले. व्रत घेताना मनात गाईम्हशींचेच दूध होते, तेव्हा अक्षर पाळले गेले. परंतु व्रताचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांना राहिली.

दुधाचा त्याग युरोपालाही सर्वस्वी अपरिचित नव्हता. मध्ययुगात ईस्टरपूर्व उपवासकाळात मांसाबरोबर दूध व अंडीही वर्ज्य असत, आणि संपन्न घरांच्या मुदपाकखान्यात बदामाचे दूध वापरीत. पण तो काही आठवड्यांचा संयम होता. तो जन्माचा आचार म्हणून मांडला डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकविणाऱ्या इंग्रज शिक्षकाने. दूध देणाऱ्या गाईचे नर वासरू अखेर खाटिकाकडेच जाते, तेव्हा दुग्धव्यवसाय आणि कत्तल ही एकाच व्यवहाराची दोन अंगे होत, असा या पक्षाचा युक्तिवाद होता. शाकाहारी संस्थेने आपल्या मासिकात या मतास स्वतंत्र जागा नाकारली. तेव्हा नोव्हेंबर १९४४ मध्ये वॉटसन व त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांनी निराळी संस्था काढली आणि ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाचा आरंभ व शेवट जोडून ‘वीगन’ हा शब्द घडविला. १९४८ साली ब-१२ हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात हाती आले. वनस्पतिज अन्नात ते भरवशाने मिळत नसल्याने या आहाराला कोणता पूरक घटक हवा, हे पुढे स्पष्ट झाले.

भारतात डबाबंद अन्नावरील शाकाहाराच्या हिरव्या खुणेला दूध चालते, अंडे चालत नाही. म्हणजे पुतळीबाईंचीच व्याख्या येथे रूढ आहे. वीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम २०२२ साली झाले. तथापि नियम डब्यावर चालतो, वाढलेल्या अन्नावर चालत नाही. बुफेच्या मेजावर अनेक पातेली मांडलेली असतात. पनीर नजरेस दिसते, पण वरणाच्या फोडणीतले तूप, रश्शात मुरलेले दही आणि पोळीवर फिरविलेले लोणी दिसत नाही. म्हणून पाहुण्याला विचारावेच लागते, आणि अन्नाची नासाडी होऊ नये म्हणून ते पान वाढून घेण्यापूर्वीच विचारावे लागते. या प्रश्नास तऱ्हेवाईकपणा समजून हसणे सोपे आहे. परंतु ज्याला आपला शब्द पाळायचा आहे, त्याला आचाऱ्याकडून खरे उत्तर मिळणे हाही आतिथ्याचाच भाग होय.