जुन्या गाडीत दुसरं इंजिन

माझा जन्म गेला तत्त्वज्ञान शिकवण्यात. त्यामुळे आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून पत्रिका छापणाऱ्याने काहीतरी घोटाळा केला, असं काहींना वाटलं असेल. (हशा) घोटाळा नाही. जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवणं, हाच विषय आहे आणि तो बोरी अरबला मांडायचं कारणही आहे. तुमच्याच तालुक्याच्या गावावरून, दारव्ह्यावरून, एक गाडी नव्वद वर्षांहून अधिक काळ धावली आणि वयाच्या उत्तरार्धात तिचं इंजिन बदललं गेलं. त्या गाडीकडे मी शेवटी येतो. आधी रस्त्यावरच्या गाडीकडे बघू.

आपण 'टेम्पो' हा शब्द इतक्या सहज वापरतो की तो कुठून आला याचा विचारच करत नाही. टेम्पो हे हॅम्बुर्गकडच्या एका कारखान्याचं नाव. कंपनी विडाल अँड झोन यांची, गाड्यांचं नाव टेम्पो. 1958 साली नवलमल फिरोदियांनी या जर्मन कंपनीशी करार करून बजाज टेम्पो सुरू केली. तीन चाकांची हॅन्सीट गाडी इथे बनू लागली आणि तिचं नाव पुढे माल वाहणाऱ्या प्रत्येक लहान गाडीला चिकटलं. त्याच घराण्यातली चार चाकांची मेटॅडोर. पुण्याकडे मॅटाडोर म्हणतात, आपण वऱ्हाडात मेटॅडोर म्हणतो, आणि कंपनी कोणतीही असो, लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेली लहान ट्रक आपल्या लेखी मेटॅडोरच.

या मेटॅडोरची जन्मकथा मोठी मजेची आहे. जर्मनीत ती 1949 साली आली तेव्हा तिच्यात स्वतःचं इंजिन नव्हतं. इंजिन फोक्सवॅगनचं, छोट्या मोटारीतलं. लवकरच फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन बाजारात आणली आणि 1952 मध्ये टेम्पोला इंजिनं देणं बंद केलं. आता काय करायचं? गाडी चांगली, गिऱ्हाईक आहे, पण पोटात घालायला इंजिन नाही. मग हाइंकेलचं इंजिन घातलं. पुढे इंग्लंडच्या ऑस्टिनचं घातलं. नंतर टेम्पो कंपनी हानोमागमध्ये विरली, तो व्यवसाय डायम्लर-बेंझकडे गेला आणि त्या वंशातल्या गाड्यांवर मर्सिडीजची चांदणी लागली, आत मर्सिडीजचं डिझेल इंजिन आलं. म्हणजे आपल्याकडे मिस्त्री लोक झाडाखाली जे करत, ते या गाडीच्या बाबतीत जर्मनीत कारखान्यातच चालू होतं. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात बजाज टेम्पोने मर्सिडीजचं ओएम 616 हे इंजिन बनवायला घेतलं. चार सिलिंडर, 2.4 लिटर, मूळचं मर्सिडीजच्या मोटारीसाठी तयार केलेलं. जर्मनीत ज्यावर टॅक्सीवाले लाखो किलोमीटर काढत, ते इंजिन आपल्या इथे कापसाची बोंदरी आणि शाळेची पोरं ओढू लागलं.

आता इंजिन बदलण्याची लाट आपल्याकडे का आली? याचं उत्तर पश्चिम आशियात आहे. 1973 च्या ऑक्टोबरमध्ये युद्ध झालं, अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. आपल्या सरकारचं धोरण असं, की शेती आणि मालवाहतूक चालावी म्हणून डिझेल स्वस्त ठेवायचं आणि पेट्रोल म्हणजे श्रीमंतांची वस्तू मानून त्यावर कर लावायचा. धोरण शेतकऱ्यासाठी होतं, पण त्याचा अर्थ पहिल्यांदा कळला तो जुनी पेट्रोल जीप किंवा व्हॅन बाळगणाऱ्या माणसाला. गाडीचा सांगाडा धडधाकट, पाटे शाबूत, आणि रोजच्या फेरीत कमाईपेक्षा पेट्रोलच जास्त पिते! नवी गाडी घ्यायची ऐपत नाही. मग डिझेल इंजिन शोधा. महिंद्रानेही तेच केलं हे ध्यानात घ्या. त्यांच्या डिझेल जीपमध्ये सत्तरच्या दशकात इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन होतं, आणि 1979 मध्ये त्यांनी फ्रान्सच्या प्यूजोशी डिझेल इंजिनाचा करार केला. कारखान्यालाही सुचलेलं शहाणपण गॅरेजातल्यासारखंच होतं: सांगाडा ठेवा, पोट बदला.

इंजिन बसवणं म्हणजे नेमकं काय, हे थोडं सविस्तर सांगतो. आम्ही पुस्तकी माणसं इथे फार चटकन 'जुगाड' म्हणून मोकळे होतो. तो शब्द मला आवडत नाही. त्यात कौतुकाच्या आडून हिणवणं आहे.

चेनकप्पीला लटकवून जुनं इंजिन उतरवलं की खाली दिसते रिकामी चौकट. नव्या इंजिनाचे पाय जुन्या फाउंडेशनवर बसत नाहीत, कारण ती भोकं दुसऱ्या इंजिनासाठी पाडलेली. म्हणून ब्रॅकेट कापून नवे वेल्ड करायचे. त्याहून अवघड, इंजिन आणि गिअरबॉक्स यांची गाठ. दोघांच्या बोल्टची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे जाड लोखंडी प्लेट घालतात. ती लेथवर अशी कातावी लागते की इंजिनच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा. केसभर फरक पडला तरी गाडी चालते, पण क्लच प्लेट आणि बेअरिंग काही महिन्यांत जातात. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे दबतात. ते हळू फिरतं, म्हणून जुन्या गिअरवर गाडीला वेग धरवत नाही. रेडिएटर लहान पडतो. बॅटरी आणि स्टार्टर मोठे लागतात, कारण डिझेल दाबानं पेटतं आणि तेवढा दाब करायला सुरुवातीला जोर हवा.

आणि ब्रेक. इथे जरा थांबू या. पेट्रोल इंजिनात हवा आत घेण्याच्या वाटेवर एक झडप असते. पाय काढला की ती मिटते आणि आत पोकळी तयार होते. ज्या गाड्यांना ब्रेकचा बूस्टर असतो, त्यांत ड्रायव्हरच्या पायाला मदत मिळते ती या पोकळीची. बहुतेक डिझेल इंजिनांत ही झडपच नसते. म्हणजे इंजिन बदललं, गाडी झोकात चालू झाली, मालक खूष. आणि पहिल्या उतारावर ब्रेक लाकडासारखा कडक. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. चांगल्या मिस्त्रीला हे ठाऊक असतं, कच्च्याला नसतं. माझ्या मते इंजिन बदललेल्या गाडीची खरी परीक्षा ती चढ कशी चढते यात नाही, ती कशी थांबते यात आहे. मागे वीस माणसं बसलेली असतात, हो!

आता थोडं माझ्या घरचं बोलतो. 'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू आणि ग्रीक वंशाचा राजा मिलिंद यांचा संवाद आहे. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला ज्याचं नाव दिलं, तोच हा मिलिंद. नागसेन राजाला विचारतो, आपण पायी आलात की रथातून? राजा म्हणतो, रथातून. मग रथ दाखवा. आस म्हणजे रथ का? नाही. चाकं? नाही. जू? नाही. सगळं बाजूला काढून उरतं ते? तेही नाही. अखेर राजाच कबूल करतो की हे सगळं जुळून असतं तेव्हा त्याला आपण रथ म्हणतो, एवढंच. वर्गात मी हे शिकवत असे तेव्हा पोरं जांभया देत. पण परिवहन कार्यालयाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला नागसेनाचा प्रश्न अगदी रोखठोक विचारला जातो: ही तीच गाडी कशावरून?

त्या पुस्तकात, म्हणजे आरसी बुकात, दोन आकडे असतात, चॅसिसचा आणि इंजिनचा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीतल्या फेरफारांविषयी आहे. इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि नवा आकडा पुस्तकात चढतो. चॅसिसचा आकडा मात्र तोच राहतो. म्हणजे कायद्याने आपलं मत दिलं: गाडीपण सांगाड्यात आहे, इंजिन हा बदलता येणारा रकाना. मला हा निवाडा पटतो, पण तो निसर्गाने दिलेला नाही, आपण ठरवलेला आहे. आणि तो ठरवावा लागला त्याला कारण आहे. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्स याने विचारलं होतं: थिसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, आणि कुणी त्या जुन्या फळ्या जमवून दुसरं जहाज बांधलं, तर मूळ जहाज कोणतं? इथे जुन्या फळ्या म्हणजे काढलेलं इंजिन. ते भंगारात जातं, भंगारातून तिसऱ्याच गाडीत जातं. चोरीच्या गाडीचं इंजिन असंच नाहीसं होतं. त्यामुळे ज्याने पुस्तकात नोंद केली नाही तो प्रामाणिक मालकसुद्धा नाक्यावर चोरासारखा उभा राहतो. हॉब्सचा प्रश्न हवालदार विचारतो, आणि त्याला उत्तर लगेच हवं असतं. (हशा)

आता शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ, 113 किलोमीटर, अडीच फुटी रूळ, कापूस वाहून नेण्यासाठी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने बांधलेली. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं त्यातून ही लाईन सुटून गेली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने, मालकी खासगी कंपनीची. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला 1921 साली बांधलेलं. ते 1923 पासून ओढत होतं, आणि 15 एप्रिल 1994 रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं.

व्हॅनच्या मानाने हा बदल किती सोपा! ना ब्रॅकेट, ना प्लेट. आकडा काढला, आकडा लावला. पाणी भरायला थांबणं गेलं, कोळसा गेला, राख गेली. आता गाडी जोरात धावायला हवी होती. पण ती धावली साधारण ताशी 20 किलोमीटरच्या आसपासच. डिझेल इंजिन कमकुवत होतं म्हणून नव्हे; खालचे रूळ आणि स्लीपर त्याहून अधिक वेग सोसत नव्हते म्हणून. मालक लंडनशी नातं सांगणारी कंपनी, चालवणारी सरकारी रेल्वे. रुळावर पैसा कोणी घालायचा, हा प्रश्न दोघांच्या मधे पडून राहिला. मेटॅडोरवाल्याला हे कोणी शिकवावं लागलं नाही. नवं इंजिन घेण्याआधी तो गाडीखाली शिरून चॅसिस ठोकून बघत असे, कुठे गंजलीय का, तडा आहे का. चॅसिस गेली असेल तर मिस्त्रीच सांगे की भाऊ, यात पैसा घालू नको. शकुंतलेच्या खाली शिरून असं कोणी ठोकून पाहिलं नाही. गेज बदलून लाईन रुंद करण्याच्या मंजुऱ्या पुढे निघाल्या, आणि त्या निघत असताना फेऱ्या बंद पडल्या. दारव्ह्याला, यवतमाळला ज्यांचा आठवडी बाजार या गाडीवर चालायचा, ती माणसं तोवर काळी-पिवळीत आणि मेटॅडोरमध्ये बसली होती.