मल्टिपाथ दोषनिवारण (लिनक्स)

सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणाऱ्या अनेक मार्गांपैकी काही किंवा सर्व मार्ग बंद पडल्यास त्याचे कारण शोधून ते पूर्ववत करण्याची पद्धत. लिनक्समध्ये मार्गांची जुळणी कर्नेलमधील डिव्हाइस मॅपर करतो. मल्टिपाथडी ही सेवा ठरावीक अंतराने मार्ग तपासत राहते. एकच लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली तार्किक डिस्क) चार मार्गांनी दिसत असेल, तर कर्नेलला चार वेगळ्या एसडी डिस्क दिसतात. त्या एकच असल्याची ओळख डब्ल्यूडब्ल्यूआयडी या क्रमांकावरून पटते.

‘मल्टिपाथ -एलएल’ या आज्ञेने प्रत्येक मार्गाची स्थिती कळते. ‘फॉल्टी’ म्हणजे मार्ग मृत. ‘घोस्ट’ हा मात्र बहुधा दोष नसतो. तो राखीव कंट्रोलरकडे जाणारा मार्ग असतो. बंद मार्गांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांच्यात समान काय आहे, ते पाहणे अधिक उपयोगी. एकाच एचबीएवरचे (सर्व्हरमधील स्टोरेज जोडणीचे कार्ड) सगळे मार्ग गेले असतील, तर कार्ड, केबल किंवा त्या बाजूचा स्विच तपासावा. स्टोरेजच्या एकाच पोर्टवरचे गेले असतील, तर तो पोर्ट, त्याची केबल किंवा कंट्रोलर. इतर लन सुरळीत असताना एखादाच लन सर्व मार्गांवरून नाहीसा झाला असेल, तर स्टोरेजवरचे त्याचे सर्व्हरशी असलेले मॅपिंग काढले गेले असण्याची शक्यता मोठी.

सर्वांत त्रासदायक दोष अधूनमधून तुटणाऱ्या मार्गाचा. पूर्ण तुटलेला मार्ग चटकन बाजूला पडतो. अर्धवट चालणारा तपासणीत उत्तीर्ण होऊन पुन्हा वापरात येतो आणि त्यावरच्या विनंत्या कालमर्यादा संपेपर्यंत अडकतात. डिस्कसाठी ही मर्यादा सहसा ३० सेकंदांची असते. फायबर चॅनलमध्ये पोर्टवरील सीआरसी चुकांचे आकडे वाढत असतील, तर खराब एसएफपी (पोर्टमधील ऑप्टिकल ट्रान्सीव्हर) किंवा धूळ बसलेले केबलचे टोक हे नेहमीचे कारण.

सर्व मार्ग बंद झाल्यावर काय घडेल, हे ‘नो पाथ रिट्राय’ ही सेटिंग ठरवते. ‘क्यू’ असल्यास विनंत्या अनिश्चित काळ थांबतात. प्रक्रिया डी (व्यत्यय न आणता येणाऱ्या प्रतीक्षेच्या) स्थितीत गोठतात आणि ‘किल’नेही हटत नाहीत. ‘फेल’ असल्यास त्रुटी लगेच वर पोहोचते, एक्सएफएस फाइल प्रणाली स्वतःला बंद करून घेते. या सेटिंगला १२ हा आकडा दिला आणि तपासणीचे अंतर ५ सेकंद असले, तर सुमारे मिनिटभर वाट पाहिली जाते. ज्या क्लस्टरमध्ये दुसऱ्या नोडने काम हाती घ्यायचे असते, तिथे अशी मर्यादा ठेवणेच योग्य.

मल्टिपाथ जुळतच नसेल, तर ब्लॅकलिस्टचे नियम पाहावेत, तसेच सर्व्हर सुरू होताना एलव्हीएमने थेट एसडी डिस्क ताब्यात घेतली आहे का, तेही. रूट डिस्कच मल्टिपाथवर असेल, तर सेटिंग बदलल्यावर इनिटरॅमएफएस नव्याने बनवावी लागते.

लन काढताना आधी फाइल प्रणाली अनमाउंट करावी, मग मल्टिपाथ आणि एसडी डिस्क काढाव्यात, आणि स्टोरेजवरचे मॅपिंग शेवटी. उलट क्रमाने लॉगमध्ये त्रुटींचा पूर येतो. शिवाय तोच लन क्रमांक नव्या डिस्कला दिला गेल्यास जुन्या नोंदीमार्फत भलत्याच डिस्कवर लिखाण होऊन डेटा नष्ट होऊ शकतो.