जर्मनीतील उच्च शिक्षण : पात्रता आणि प्रवेशाची शक्यता

‘मला परदेशात प्रवेश मिळेल काय?’ या प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न दडलेले असतात. विद्यार्थी पात्र आहे काय, हा पहिला. आणि पात्र असल्यास त्याची निवड होण्याची शक्यता किती, हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाल्याने अनेक कुटुंबांचा पैसा व वेळ वाया जातो. बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसल्याने आपल्या मुलामुलींचा ओढा जर्मनीकडे वाढला आहे. म्हणून तेथील व्यवस्थेचा आम्ही येथे परिचय करून देत आहोत.

पदवी अभ्यासक्रम : केवळ बारावीच्या गुणांवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही. जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण विद्यार्थ्याला अभियांत्रिकी व तत्सम शाखांचे दार उघडते. अन्यथा भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचे किमान एक वर्ष यशस्वीरीत्या पूर्ण करावे लागते.

पदव्युत्तर अभ्यासक्रम : येथे पदवीचा विषय संबंधित असणे अत्यावश्यक आहे. गुण उत्तम असले तरी आवश्यक विषयांचा अभ्यास अपुरा असल्यास अर्ज नाकारला जातो.

गुणांचे रूपांतर : जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी, तर ४ ही उत्तीर्णतेची सीमा. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत. त्या संख्येला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागावे. उत्तराला ३ ने गुणून त्यात १ मिळवावा. १०० पैकी ७० गुण आणि उत्तीर्णतेसाठी ४० गुण असल्यास श्रेणी २.५ येते. अनेक अभ्यासक्रम २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी मागतात. तथापि ही पात्रतेची रेषा आहे, निवडीची हमी नव्हे. मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमांत स्पर्धा असते, म्हणून एकाच विद्यापीठावर विसंबू नये.

कागदपत्रे व खर्च : नोव्हेंबर २०२२ पासून बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ते मिळण्यास वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करावा. निर्वाहखर्चासाठी वर्षाला ११,९०४ युरो (सप्टेंबर २०२४ पासूनचा दर) विशेष खात्यात दाखवावे लागतात. सर्वत्र शिक्षण मोफत आहे, हाही गैरसमज होय : बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रतिसत्र १,५०० युरो घेतले जातात.

‘हमखास प्रवेश’ देऊ करणाऱ्या मध्यस्थांपासून पालकांनी सावध राहावे. निवडीचा अधिकार केवळ विद्यापीठाचा असतो. जमीन वा दागिने गहाण ठेवण्यापूर्वी वरील सूत्राने श्रेणी काढावी व विद्यापीठाचे नियम स्वतः वाचावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. श्रेणी कमी भरल्यास निराश होऊ नये. आधीच कळलेले सत्य कर्ज काढल्यानंतर कळलेल्या सत्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.